मागितली खोली, तपासला पाय

मी जिन्यात बसलो होतो. बसलो म्हणजे विसावलो नव्हतो, चढत होतो. माझं चढणं असंच. पायरीवर टेकायचं, दोन्ही हातांवर जोर देऊन स्वतःला मागं वर उचलायचं, मग डावा पाय हातानं धरून ओढून घ्यायचा. पुन्हा तेच. त्या दिवशी जिना फिनाईलनं पुसलेला होता, कारण वरून तपासणीला साहेब लोक येणार होते. माझी पँट मागून ओली झाली होती आणि फिनाईलचा वास माझ्याच अंगाला यायला लागला होता.

तेवढ्यात खाली गाड्या लागल्या. पाहुणे आत आले. आमचे साहेब सगळ्यात पुढे, हातात पुष्पगुच्छ. मला बघितलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. जिन्यात कुणीतरी घाण करून ठेवावी तसं बघितलं माझ्याकडे.

"बाजूले व्हय रे, बाजूले. साहेब लोके वर चढी ऱ्हायनात."

बाजूला होऊ कुठे? एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा. भिंतीला चिकटलो. पण डावा पाय मुडपत नाही माझा. तो पायरीवर आडवाच राहिला. एकेक बूट त्या पायावरून ओलांडून वर गेला. एका पाहुण्यानं थांबून विचारलं, "हे कोण?"

साहेबांची भाषा लगेच बदलली. मोठ्यांसमोर ते पुस्तकातलं मराठी बोलतात.

"आमचाच क्लार्क आहे सर. डोंगरावरचा. डोंगर चढतात सर हे लोक, पण सरकारी जिना म्हटला की यांचा पाय दुखतो."

हसले सगळे. आणि मीही हसलो. हे सांगताना अजून माझं तोंड कडू होतं. माझ्याच पायावरून बूट जात होते, माझ्याच लोकांची थट्टा चालली होती आणि मी दात काढून हसत होतो. का, तर नोकरी होती. पाहुणे वर गेले, वर नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मी ओल्या पँटनं उरलेला जिना चढलो, अंगठा लावला, मशीननं मला उशीर झाल्याचं दाखवलं.

ऑफिस कुठलं, गाव कुठलं, ते सांगत नाही. नाव घेतलं तर आणखी एक नोटीस येईल. सपाटीवरच्या एका तालुक्याच्या गावातलं सरकारी ऑफिस, एवढं पुरे. मी तिथं कनिष्ठ लिपिक. माझं घर वर, सातपुड्यात, तोरणमाळच्या अलीकडच्या एका दरीत. शहाद्याहून जीप मिळते, पुढे पायवाट. घरी आम्ही पावरी बोलतो. मराठी मला आश्रमशाळेनं शिकवलं, अहिराणी बाजारानं. आणि "हो साहेब" म्हणायला ऑफिसनं.

लहानपणी ताप आला आणि पाय गेला. एवढीच गोष्ट आहे. त्यात रडण्यासारखं काही नाही. गावात मला कुणी कधी बिचारा म्हटलं नाही. गुरं राखायला नेलं तर भाऊ पाठीवर घ्यायचा आणि वर शिव्याही द्यायचा, की लेका जड झालास, भाकरी कमी खा. शाळेला गेलो, शिकलो, परीक्षा दिली, लागलो. आदिवासीही आणि अपंगही. ऑफिसात पहिल्याच दिवशी कुणीतरी मागून म्हणालं की याचं बरं आहे. मागं वळून बघितलं तेव्हा सगळे फायलीत डोकं घालून बसलेले.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. जुनं ऑफिस कौलारू होतं, एकाच पातळीवरचं. मी माझ्या टेबलाशी बसायचो, लोक माझ्याकडे यायचे. वनपट्ट्याचे कागद, दाखले, अर्ज. वरच्या गावांतली माणसं साहेबांना भेटायला घाबरायची पण माझ्याशी आमच्या बोलीत बोलायची. काम होत होतं आणि कुणी माझ्या पायाकडे बघत नव्हतं.

मग नवी इमारत झाली. काचा लावलेली, गुळगुळीत, समोर दोन शोभेची झाडं. माझी शाखा वरच्या मजल्यावर टाकली. अंगठ्याचं मशीन पण वर, साहेबांच्या केबिनच्या दारात, म्हणजे कोण केव्हा आलं ते त्यांना खुर्चीतून दिसावं. लिफ्टसाठी चौकोनी भोक सोडलं होतं, लिफ्ट आलीच नाही. त्या भोकात मोडक्या खुर्च्या आणि झाडू ठेवायचे. खाली जिन्यापाशी एक चांगली ऐसपैस खोली होती. तिथं साहेबांनी सोफा टाकला, एसी लावला, पडदे लावले. पाहुण्यांची खोली. महिन्यातून कधीतरी उघडायची, बाकी कुलूप.

मी साहेबांकडे गेलो. चढूनच गेलो, अर्थात. म्हटलं, "साहेब, मला खालच्या खोलीत एक टेबल द्या. आणि मशीन खाली लावा. माझं काम मी खाली बसून करतो."

साहेब खुर्चीत मागं रेलले. त्यांचं गाव तापीकाठी. केळी, ऊस, घरात आजोबांपासून पुढारपण. बोलायला गोड माणूस. ऑफिसात सगळे म्हणायचे की साहेब वाईट नाहीत. मला विचाराल तर वाईट माणूस कधी शिंगं लावून फिरत नाही.

"तुले दोन दोन सवलती भेटन्यात," ते म्हणाले. "आते तिसरी पाहिजे का?"

"सवलत नाही साहेब. बसायला जागा."

"खालनी खोली पाव्हणासाठे शे. तू ते डोंगरना माणूस शे ना रे? मंग हाऊ जिना काय चीज शे?"

म्हणजे पुन्हा डोंगर. तपासणीच्या दिवशीचा विनोद त्यांना इतका आवडला होता की पुढे तो रोजचाच झाला. जिन्यात दिसलो की, चढ रे डोंगर. शिपाई रतिलाल, तो सुद्धा खाली मुंडी घालून हसायचा. हाच रतिलाल आधी माझ्या फायली खाली आणून द्यायचा. साहेबांनी एकदा बघितलं आणि त्याला झापलं, की तू काय त्याचा नोकर आहेस का. त्यानंतर रतिलाल मला बघून दुसऱ्या बाजूनं जायला लागला.

उशिराच्या शेऱ्यांनी माझ्या रजा गिळल्या. मी फाटकातून वेळेत आत यायचो, पण मशीनपर्यंत पोचेतो वेळ टळलेली असायची. दुपारी लघवीला खाली जायचं म्हणजे पुन्हा उतरणं, पुन्हा चढणं. म्हणून मी पाणी पिणं सोडलं. उन्हाळ्यातलं आमच्याकडचं ऊन माहीत आहे ना? त्या उन्हात, काचा तापलेल्या वरच्या मजल्यावर, माणूस पाणी न पिता दिवसभर बसतो. मूतखडा झाला. डॉक्टरनं विचारलं, पाणी का पीत नाही, मी म्हटलं, सरकारी नोकरी आहे. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

मग मी लेखी तक्रार केली. कायदा आहे, मी वाचला. त्यात लिहिलंय की अपंग कर्मचाऱ्याला काम करता यावं म्हणून वाजवी सोय करून द्यायची. कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही, करून द्यायची. तक्रार ऐकायला एक अधिकारी नेमलेला असतो, तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून आला. आणि सुनावणी कुठं ठेवली? वरच्या मजल्यावर. हॉलमध्ये.

मी खालून निरोप पाठवला, की साहेब, मला वर चढता येत नाही हीच तर तक्रार आहे, खालच्या खोलीत बसू या. निरोप आला, की हजर राहिला नाहीत तर तक्रार निकाली काढू. काय करणार? चढलो. अधिकाऱ्यासमोर घामानं निथळत बसलो. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रतिलालला विचारलं, "यांना त्रास होतो का?" रतिलाल म्हणाला, "मले काही माहीत नही." चहा आला. मला नाही आला. मग साहेबांनी खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला.

फोटो माझा होता. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर बांबूचा उंच टोप, त्याला मोरपिसं, कमरेला घुंगरं आणि सुकवलेले भोपळे. तोंड उघडं, मी ओरडतोय. होळीचा फोटो.

हा फोटो कसा निघाला ते सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलं आहे. माझी मुलगी लहान असताना मरायला टेकली होती. मी मानता केली, की पोर वाचली तर होळीला बावा बनीन. आमच्यात मानता केलेला माणूस होळीच्या दिवसांत बावा बनतो. जमिनीवर झोपतो, अनवाणी राहतो, बायकोला शिवत नाही, नाचतो. पोर वाचली. मग बनलो बावा.

बावे गोल फिरत एकेकटे नाचतात. ही जुनी रीत. पण मला एकट्याला नाचता येत नाही हे गावाला माहीत. कुणी सभा घेतली नाही की कुणी अर्ज मागितला नाही. माझा मोठा भाऊ दित्या एका बाजूला आला, चुलतभाऊ दुसऱ्या बाजूला, दोघांनी मागून माझ्या कमरेत हात घातला आणि मला असं उचलून धरलं की डावा पाय जमिनीला टेकलाच नाही. त्यांच्या पुढच्या-मागच्यांनी चाल कमी केली. ढोल वाजवणारा माझ्याकडे बघून ठेका धरायला लागला. एवढी मोठी होळी, चार गावांची माणसं, आणि अख्खं रिंगण माझ्या चालीनं फिरलं. मी नाचलो. बापानं एवढंच विचारलं, की टोप नीट बसलाय ना.

त्या होळीला मीच साहेबांना बोलावलं होतं. मला वाटलं, आमचं बघतील, आम्हाला ओळखतील. ते आले, बायकामुलांना घेऊन आले. आम्ही त्यांना घरातली चांगली खाट दिली, कोंबडी कापली, माझ्या आईनं त्यांच्या मुलांच्या हातावर पाणी घातलं. त्यांनी फोटो काढले. मला म्हणाले, "मस्त दिसस रे." मला आनंद झाला होता. लाज वाटते आता त्या आनंदाची.

तोच फोटो सुनावणीत आला. पण कापून आणला होता. कमरेपर्यंतचाच भाग. दित्या नाही, चुलतभाऊ नाही, पाय नाहीत. मी एकटाच नाचतोय असा. फक्त माझ्या दोन्ही कुशींवर दोन हातांची बोटं दिसत होती, कारण ती कापली असती तर मीही कापला गेलो असतो.

मी बोलायला गेलो. "साहेब, हे असं नाही. मला धरलंय. आमच्यात..."

अधिकारी म्हणाला, "नाचताय की नाही तुम्ही?"

"नाचतोय, पण..."

"झालं तर मग."

आदेश आला. त्यातली भाषा मला पाठ आहे, इतक्या वेळा वाचली. अर्जदार हे सुनावणीस स्वतः वरच्या मजल्यावर हजर होते. तसेच पारंपरिक उत्सवात नृत्य करतानाचे त्यांचे छायाचित्र सादर करण्यात आले आहे. सबब तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. तक्रार फेटाळण्यात येते.

बघा म्हणजे. चढलो नसतो तर गैरहजर म्हणून फेटाळली असती. चढलो तर चढता येतं म्हणून फेटाळली. आणि माझी मानता, माझ्या पोरीचा जीव, माझ्या भावाचे हात, सगळं माझ्याच विरुद्ध पुरावा म्हणून लावलं. आमच्या घरी येऊन, आमचं खाऊन, आमच्या देवासमोर उभं राहून हा माणूस माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करत होता. मला तोवर वाटायचं की साहेब अडाणी आहेत, आमचं त्यांना कळत नाही. त्या दिवशी समजलं, की दित्याला कापायचा म्हणजे दित्या तिथं होता हे माहीत असावं लागतं.

आदेश घेऊन गावी गेलो. दित्याला वाचता येत नाही. मी आमच्या बोलीत सांगितलं. तो मका सोलत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यांना एवढं करायला काय जड होतं? आम्ही तर नाचता नाचता केलं." मग कणीस टोपलीत फेकून म्हणाला, "आणि तू अजून त्यांच्या जिन्यावर चढतोस? कशाला?"

वर्षानुवर्षं मी चढत होतो. कशाला? चढून चढून मीच त्यांना सांगत होतो की मला चढता येतं. माझी मेहनतच त्यांचा पुरावा झाली होती. मी जितकं निमूट सोसलं तितकी त्यांची बाजू पक्की झाली. हे कळलं तेव्हा अंगात ताप यावा तसं झालं. दित्याचा राग नाही आला, साहेबांचाही त्या घटकेला नाही. त्या जिन्यात हसणाऱ्या माझ्या तोंडाचा आला.

सोमवारी ऑफिसात गेलो. वेळेत. जिन्याच्या खाली पाहुण्यांच्या खोलीच्या बंद दारासमोर एक स्टूल ओढून बसलो. रतिलालकडे चिठ्ठी दिली, की मी कामावर हजर आहे, तळमजल्यावर आहे, फायली पाठवाव्यात. रतिलालनं चिठ्ठी चिमटीत धरून नेली, मेलेला उंदीर नेतात तशी.

साहेब जिन्याच्या वरच्या टोकाला आले. वरून खाली ओरडले, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असे.

"वर ये. नही ते गैरहजर मांडस."

मी बसूनच उत्तर दिलं. मराठीत, ऑफिसच्या भाषेत, सावकाश.

"मी हजर आहे. मी वर येणार नाही."

"काय बोलना?"

"मी वर येणार नाही, साहेब. आज नाही, उद्या नाही. काम खाली द्या."

सगळं ऑफिस कठड्याला येऊन उभं होतं. कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनंही बोललं नाही, तेही सांगून ठेवतो. नंतर संडासाच्या दारात एकानं हळूच सांगितलं, की बरं केलंस. मी म्हटलं, हे वर सगळ्यांसमोर बोल. तो निघून गेला.

गैरहजर मांडलं. पगार थांबला. नोटीस आली, दुसरी आली. बायको सायकी म्हणाली, नोकरी गेली तर डोंगर आहे, तिथं कुणी अंगठा मागत नाही. मी म्हटलं, डोंगर आहेच, पण नोकरीही माझीच आहे, ती कशाला सोडू? मी रोज जाऊन त्या स्टुलावर बसलो. वरच्या गावांतले लोक यायचे, मला खाली बघायचे, तिथंच त्यांचे कागद मी भरून द्यायचो. त्यांच्याही बऱ्याच म्हाताऱ्यांना तो जिना जड जात होता. ते कुणी कधी विचारलंच नव्हतं.

शहाद्याच्या एका वकील बाईंनी केस घेतली. बाई कडक. माझं पाल्हाळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा पाय किती अधू आहे हे हायकोर्ट मोजत बसणार नाही. त्या अधिकाऱ्याच्या जागी बसून निर्णयही देणार नाही. कोर्ट एवढंच बघेल, की तक्रार फेटाळताना त्यांनी कायद्यानं जे बघायचं ते बघितलं का." मग आदेशाचा कागद माझ्यासमोर धरला. "यात खालच्या खोलीबद्दल कुठं काय लिहिलंय, दाखवा मला."

मी शोधलं. खोलीचा शब्द नव्हता. मशीनचा शब्द नव्हता. इतक्या वेळा वाचून हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, कारण मी त्या फोटोच्या अपमानातच बुडालो होतो. मी मागितली खोली. त्यांनी तपासला माझा पाय. आणि मीही मूर्खासारखा पायाबद्दलच भांडत बसलो होतो.

खंडपीठात रिट दाखल झाली. तारखा पडल्या, पडत राहिल्या. शेवटी आमचा नंबर लागला तेव्हा दित्या पण सोबत आला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. कोर्टात रॅम्प आहे, लिफ्टही आहे. मी पहिल्यांदा एका सरकारी इमारतीत हात मळवल्याशिवाय वर गेलो. आत सगळं इंग्रजीत चाललं. सरकारी वकील उठले, फोटो वर केला. "डान्सिंग" एवढं मला कळलं.

आमच्या बाई उठल्या. त्यांनी पूर्ण फोटो दिला. गावातल्या एका पोरानं त्याच दिवशी काढलेला होता, त्यात दित्या होता, चुलतभाऊ होता, हवेतला माझा पाय होता. बाईंनी मागं वळून दित्याकडे बोट केलं. दित्या उभा राहिला. कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. न्यायाधीशांनी त्याच्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, मग चष्मा काढून सरकारी वकिलांना काहीतरी विचारलं. वकील कागद चाळायला लागले. चाळत राहिले. बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं, विचारलं होतं ते एवढंच, की खालची खोली यांना का देता येत नाही, त्याचं कारण आदेशात कुठं आहे?

तक्रार फेटाळल्याचा आदेश रद्द झाला. थांबवलेला पगार द्यायला सांगितलं. आणि पुढं, तक्रार नव्यानं ऐका, सोय का नाकारता त्याची कारणं द्या, सुनावणी अर्जदाराला पोचता येईल अशा जागी घ्या.

जिंकलो म्हणतात याला. लोकांनी फोन केले, अभिनंदन केलं. मला खोटं बोलता येत नाही, मला आनंद झाला नाही. कारण नव्यानं ऐकणार कोण? तोच अधिकारी. तेच साहेब, तीच खोली, तेच कुलूप. कोर्टानं त्यांचा कागद फाडला आणि कोरा कागद पुन्हा त्यांच्याच हातात दिला. साहेबांनी मला फाटकात गाठून तेच ऐकवलं.

"काय व्हयनं मंग? फिरी फिरीसन आमनाकडेच उना ना?"

मी त्यांच्या गाडीला वाट दिली.

पण घाबरले होते. आता जे लिहितील त्याला कारण द्यावं लागणार होतं, आणि पडदे आणि सोफा हे कारण कागदावर कसं लिहायचं? सुनावणीच्या आदल्या आठवड्यात फोन आला. आवाज एकदम मऊ. भाऊ म्हणाले मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊ, आयक. मशीन खाले लाई देस. तू त्या खोलीमा बस, पडदा-बिडदा काढी टाकूत. केस मांगे ली ले. आपला आपलामा मिटाडी टाकूत."

सायकी शेजारीच होती, तिला सगळं ऐकू जात होतं. खरं सांगतो, क्षणभर मन डगमगलं. टेबल, खोली, मशीन, जे मागितलं ते सगळं समोर आलं होतं. पाणी पिता आलं असतं मला. म्हटलं, "लेखी द्या साहेब."

"लेखी कशाले पाहिजे? मी सांगी ऱ्हायनू ना."

"तुम्ही सांगताय ती मेहरबानी झाली. तुमची बदली होईल, मेहरबानी तुमच्यासोबत जाईल. कारणासकट आदेश द्या. लेखी."

मग जुना आवाज परत आला, जिन्यातला.

"लेखी दिधं ते आखो लंगडा-पांगया येतीन. प्रत्येकजण खोली मांगीन. त्यासले काय सांगू मी?"

"तुम्ही काही सांगू नका," मी म्हटलं. "येऊ द्या त्यांना. त्यांच्यासाठीच लेखी पाहिजे."

फोन आपटला त्यांनी. सायकीनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली.

सोमवारी सुनावणी आहे. खालच्या खोलीत ठेवली आहे, कारण कोर्टाचा हुकूम आहे. पाहुण्यांच्या सोफ्यावर तो अधिकारी बसेल. पुन्हा फेटाळतीलही, त्यांचा भरवसा नाही. फेटाळा. कारण लिहून फेटाळा, तुमच्या सहीनं. मी तो कागद घेईन आणि पुन्हा कोर्टात जाईन, आणि पुन्हा, आणि तुमच्या जागी नवा साहेब आला तर त्याच्याविरुद्ध जाईन. पगार थांबवा, नोटिसा काढा. कोर्टातून घरी बसून मिळणारी भरपाई मला नको, तुमची दया तर त्याहून नको. मला त्या इमारतीत काम करायचं आहे आणि त्या इमारतीला माझ्यासाठी बदलायला लावायचं आहे. तुम्ही बदलला नाहीत तरी चालेल. इमारत बदलेल.